ना. धों., र. धों.: यातला 'धों' कोण?

ना. धों. महानोर. र. धों. कर्वे. ही दोन नावं आपण शाळेपासून अशीच वाचत आलोय, पण त्या मधल्या 'धों'पाशी थांबून हा कोण बाबा असं बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं. नामदेव धोंडो महानोर आणि रघुनाथ धोंडो कर्वे. दोघांच्याही वडिलांचं नाव धोंडो. एक अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेड्याच्या शेतकरी घरातले कवी, दुसरे पुण्या-मुंबईत संततिनियमनाचा प्रचार करताना सगळ्यांशी भांडलेले गणिताचे प्राध्यापक, जात वेगळी, मुलूख वेगळा, काळही वेगळा, आणि तरी दोघांच्या आजी-आजोबांनी आपापल्या घरी पाळण्यातल्या पोराला एकच नाव दिलं होतं. धोंडो म्हणजे धोंडा. म्हणजे दगड.

आता आपण नावं शोधतो तेव्हा काय करतो? मोबाईल काढतो, 'अ' वरून नाव, अर्थ चांगला हवा, दोन अक्षरी हवं, परदेशातल्या लोकांनाही म्हणता यावं. मग जी माणसं मुलाला जिवापाड जपत होती त्यांनी त्याला दगड का म्हटलं असेल? लोक पटकन म्हणतात की अडाणी होते, सुचलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. धोंडू हे नाव सुचलं नाही म्हणून ठेवलेलं नाही, फार विचार करून ठेवलेलं आहे, आणि तो विचार समजून घ्यायचा तर आधी त्या घरात काय घडून गेलेलं असायचं ते बघावं लागतं.

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ धोंडिबा. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, पण सातबाऱ्यावर आणि रेशनकार्डावर धोंडिबा. त्यांच्या उजव्या नाकपुडीला एक बारीकसं भोक होतं, बुजत आलेलं, नीट बघितलं तरच दिसायचं. मी लहानपणी मांडीवर बसून त्यात झाडूची काडी घालायला बघायचो आणि ते नुसते हसायचे. पुरुषाच्या नाकाला भोक कशाला, हे मी आजीला विचारलं तेव्हा तिने चुलीवरची भाकरी उलटत उलटत सगळं सांगितलं. अण्णांच्या आधी चार झाली होती. चारही गेली. एक देवीत गेलं, एक जन्मल्यावर आठवड्यात, बाकी दोघांचं काय झालं ते सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. पाचव्या वेळी मुलगा झाला तसं सुईणीने त्याला सुपात घातलं, दाराबाहेर नेलं आणि शेजारच्या घरी देऊन टाकलं, मग पणजीने पसाभर ज्वारी देऊन स्वतःचंच पोर विकत घेतलं. नाक टोचलं. आणि बाराव्या दिवशी नाव ठेवलं धोंडिबा. गावात कुणी विचारलं काय झालं, तर पणजी म्हणायची, दगड झालाय. पोरगं झालंय असं सहा महिने तिने तोंडातून काढलं नाही.

अण्णा जगले. त्यांच्यानंतर आमचे आजोबा झाले, त्यांचं नाव मात्र ज्ञानदेव. एकदा दगड टिकला म्हटल्यावर घराला पुन्हा सुंदर नाव ठेवायचा धीर आला. जुन्या घराण्यांची वंशावळ हातात आली तर हे बघायला विसरू नका, एखादा धोंडू किंवा दगडू दिसला की तो बहुतेक वेळा जगलेल्यांतला पहिला असतो, आणि त्याच्या वरच्या रेषेवर जी रिकामी जागा असते ती रिकामी नसते.

यामागचा विचार असा, की मुलाला नेणाऱ्या शक्ती असतात. नजर असते, यम असतो, पाचवीच्या रात्री नशीब लिहायला येणारी सटवाई असते. ह्या सगळ्यांचं लक्ष जातं ते चांगल्या वस्तूकडे, कौतुकाच्या वस्तूकडे. मग मूल चांगलं नाहीच, त्याची आम्हाला किंमतच नाही, ते मूलसुद्धा नाही, वाटेवरचा दगड आहे, असं जाहीर करायचं आणि ते एकदा नाही तर रोज, दर हाकेला. धोंड्या जेवायला ये. धोंडू कुठे गेला? प्रत्येक हाक म्हणजे ऐकणाऱ्या त्या न दिसणाऱ्या कुणाला तरी सांगणं की इथे नेण्यासारखं काही नाही, पुढे जा.

दुसरी बाजू पण आहे आणि ती मला जास्त आवडते. दगड मरत नाही. त्याला ताप येत नाही, देवी येत नाहीत, उन्हापावसात पडून राहतो तरी तसाच राहतो. शेवरीसारखा हलका जीव हातातून चारदा उडून गेल्यावर आईला जड वस्तू हवी असते. आणि आपल्याकडे दगड म्हणजे नुसता दगड कधीच नसतो, शेंदूर लावला की म्हसोबा होतो, बांधावर उभा केला की राखणदार होतो. तेव्हा एकाच नावात 'हा कवडीमोलाचा आहे' आणि 'हा देवाचा आहे' ह्या दोन्ही गोष्टी बसतात, यमाने पहिली ऐकायची आणि आईने दुसरी.

हे फक्त नावात नाही, बारशातही आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत बारशाच्या दिवशी पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. स्वच्छ धुतलेला, तेल लावलेला, कधी झबलं-टोपडं घातलेला, आणि मग बायका पाळण्याच्या वरून खालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत देतात घेतात. विचारलं तर सांगतात, बाळ वरवंट्यासारखं घट्ट व्हावं म्हणून. पाचवीच्या पूजेलासुद्धा कितीतरी घरांत पाटा-वरवंटाच मांडतात. म्हणजे दगड आणि बाळ ही जोडी पाळण्यात आधीपासूनच आहे. ज्या घरात मुलं टिकत नव्हती तिथे ही जोडी एक पाऊल पुढे गेली, बाळाच्या शेजारी दगड ठेवण्याऐवजी बाळालाच दगडाचं नाव दिलं.

मूळ कल्पना किती जुनी असेल? धोंडू हा शब्द मराठी मातीतला, पण नाव लपवून जीव वाचवायचा विचार खूप मागे जातो. आश्वलायन गृह्यसूत्रात नामकरणाच्या भागात सांगितलंय की मुलाचं एक नाव असं ठेवावं जे मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असेल. नाव कळलं म्हणजे माणूस हातात आला, ही भीती त्यामागे असणार असं मला वाटतं. वेदकाळातल्या लोकांनी खरं नाव झाकून ठेवलं, आमच्या पणजीने खोटं नाव पुढे केलं. युक्ती तीच.

धोंडूची भावंडं तुम्हाला माहीतच आहेत. दगडू तर सरळच. पुण्याच्या ज्या गणपतीसमोर आपण रांगा लावतो तो दगडूशेठ हलवाईंचा, आणि ते नाव आपल्या तोंडात इतकं बसलंय की त्यात दगड आहे हे ऐकूच येत नाही. गुंडू हा गोल गुळगुळीत दगड, तो कानडीतून इकडे आणि इकडून तिकडे असा फिरत असतो, म्हणून कोल्हापूर-सांगलीकडे गुंडू आणि गुंडोपंत, आणि सीमा ओलांडली की गुंडाप्पा. केरू, केरबा म्हणजे केर. कचरू म्हणजे कचराच. उकिरडा, आणि वऱ्हाडात उकिरड्याला उकंडा म्हणतात म्हणून उकंडराव. यात बाळाला खरोखर उकिरड्यावर क्षणभर ठेवून परत उचलायची रीत होती, टाकून दिलेलं सापडलं असं दाखवायला. कोंडू, कोंडाजी म्हणजे धान्याचा कोंडा, मूठभर कोंड्याच्या किमतीचं पोर. १६७३ साली साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद आपल्याला माहीत आहे, पण त्या नावाचा अर्थ कोंडा हे लक्षात येत नाही. भिकाजी, भिकू, भिकोबा म्हणजे भिकेत मिळालेला, देवाकडे पदर पसरून मागितलेला किंवा आमच्या अण्णांसारखा शेजाऱ्याकडून पसाभर धान्यावर परत घेतलेला. नथू म्हणजे ज्याच्या नाकात नथ घातली, मुलगा नाही मुलगी आहे असं भासवायला. अण्णांचं नाव धोंडिबा आणि नाक नथूचं, पणजीने दोन्ही बाजूंनी बंदोबस्त केला होता.

केरूवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ केरो लक्ष्मण छत्रे, केरूनाना, ज्यांच्याकडे टिळक गणित शिकले, त्यांचं मूळ नाव विनायक होतं. विनायक बाजूला राहिलं आणि जगाने केरूनाना लक्षात ठेवलं. खरं नाव झाकण्याची ताकद काय असते ते यात दिसतं.

आता ह्या नावाचं व्याकरण. मला यातच सगळ्यात जास्त गंमत वाटते आणि सगळ्यात जास्त त्रासही होतो. दगड एकच, पण त्याला जोडलेल्या शेपटीवरून घर कळतं. धोंड्याला 'ऊ' लावला की धोंडू, लाडाचं, जसं बाळचं बाळू, कचऱ्याचं कचरू. 'बा' लावला की धोंडिबा, शेतकरी घरातलं, देवाच्या वळणाचं, विठोबा-म्हसोबासारखं. धोंडीराम झालं की देवाचं नावच शेवटाला येऊन बसलं, दगड थोडा सोवळा झाला. 'ओ' लावला की धोंडो, हे कागदोपत्रीचं वळण, आणि पुढे पंत लागला की धोंडोपंत, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या ब्राह्मणाचं. पैसा आला की शेठ. आणि 'या' लावला की धोंड्या. आई म्हणाली तर धोंड्या हे माया, पाटलाने म्हटलं तर धोंड्या हा हुकूम.

गावच्या जुन्या कागदांत हे स्पष्ट दिसतं. एकाच वर्षी जन्मलेली दोन मुलं, दोघांच्याही आयांनी त्याच भीतीने तेच नाव ठेवलं, पण एकाची नोंद धोंडोपंत आणि दुसऱ्याची नोंद धोंड्या, आणि त्यापुढे त्याची जात लिहिलेली. त्याच्या आईने काय नाव ठेवलं होतं हे लिहिणाऱ्याने विचारलंच नाही. म्हणून जेव्हा कुणी सरसकट म्हणतं की ही सगळी नावं म्हणजे आईच्या मायेची युक्ती, तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा श्लोक आहे, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस येईल असं. इथे दगड नि कचरा ही मायेची युक्ती नाही, वरून लादलेला नियम आहे. एका घरात कचरू हे नाव मुलाला यमापासून वाचवायला ठेवलं, दुसऱ्या घरात तेच नाव माणसाला त्याची जागा दाखवायला वापरलं गेलं, आणि एकाच माणसाच्या बाबतीत ह्या दोन्ही गोष्टी एकदम झालेल्या असू शकतात, घरात माया आणि वेशीवर अपमान. म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम, आनंद अशी नावं आली तेव्हा ती नुसती फॅशन नव्हती. कोंड्या आणि कचऱ्याचा मुलगा मिलिंद झाला तो ठरवून झाला. त्या नावांकडे बघताना धोंड्या ह्या हाकेत काय काय भरलेलं होतं ते आठवायला पाहिजे.

थोडा गोंधळ पण दूर करूया, कारण ऑनलाइन लोक बिनधास्त काहीही लिहितात. दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. धुंडिराज आणि धोंडो हे एकच नाव नव्हे. धुंडिराज किंवा ढुंढिराज हा काशीचा गणपती, विश्वनाथाच्या जवळचा, आणि काशीखंडात त्या नावाचा अर्थ ढुंढ म्हणजे शोधणे ह्यावरून लावलेला आहे. त्र्यंबकेश्वरला भिक्षुकाच्या घरात जन्मलेल्या मुलाचं असं नाव असणं साहजिकच आहे. त्यात दगड नाही. बोलताना दोन्ही नावं एकमेकांत मिसळतात, धोंडिराज असंही ऐकू येतं, पण मुळं वेगळी.

दुसरं म्हणजे धोंड्याचा महिना. साधारण दर साडेबत्तीस महिन्यांनी पंचांगात जो अधिक महिना येतो, २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे आणि तेहतीस अनारसे वगैरे देतो. त्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असंही काही घरांत सांगतात. पण महाराष्ट्रभर इतके धोंडू, धोंडो, धोंडिबा झाले ते सगळे तीन वर्षांतल्या एका महिन्यात जन्मले असं काही होणार नाही, त्यामुळे मुख्य कारण पहिलंच. पाऊस ओढ देतो तेव्हा लिंबाचा पाला बांधलेल्या माणसाला दारोदार फिरवून 'धोंडी धोंडी पाणी दे' म्हणतात, तो धोंडीही ह्या नावाच्या कानाला अगदी जवळचा. मागणंही तसंच आहे, काहीतरी जगू दे.

ह्या नावाची माणसं मोठी झाली ती बघण्यासारखी आहेत. महर्षी कर्वे, धोंडो केशव कर्वे, जन्म १८ एप्रिल १८५८. १८९३ ला त्यांनी विधवेशी लग्न केलं, गावाने वाळीत टाकलं, आणि हा माणूस हिंगण्याच्या आश्रमासाठी पैसे गोळा करत पायपीट करत राहिला. १९१६ ला महिला विद्यापीठ, १९५८ ला शंभराव्या वर्षी भारतरत्न, त्याच वर्षी टपाल तिकीट, आणि जिवंतपणी भारतीय तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले तेव्हा वय १०४. ज्या नावात 'टिकू दे' एवढंच मागणं होतं त्या नावाने एकशे चार वर्षं काढली, मला हे वाचताना दर वेळी गलबलून येतं. आणि त्यांचे थोरले चिरंजीव र. धों., ते १९२१ पासून लोकांना सांगत होते की मुलं कमी होऊ द्या, बाईचं शरीर जपा, पुढे त्यासाठी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक मरेपर्यंत चालवलं. मुलं जन्मतात आणि जातात, बाया झिजतात, ह्याच दुःखावर पणज्यांनी नावाचा उपाय शोधला होता आणि धोंडोंच्या मुलाने शास्त्राचा.

१८५७ चे नानासाहेब पेशवे, त्यांचंही नाव धोंडोपंत, इंग्रजांच्या कागदांत धोंडूपंत असंच येतं. आणि त्याआधी धोंडिया वाघ, टिपू पडल्यावर तिकडे कर्नाटकात ज्याने सैन्य जमवून इंग्रजांना वर्षभर पळवलं आणि स्वतःला दोन्ही जगांचा राजा म्हणवलं, तो १० सप्टेंबर १८०० ला आर्थर वेलस्लीशी लढताना पडला. पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच वेलस्ली.

आता कुणाला वाटेल हे आपलंच काहीतरी, तर तसं नाही. कन्नडमध्ये कल्लप्पा, कल्लू म्हणजे दगड, आणि तिप्पेस्वामी, तिप्पे म्हणजे उकिरडा. तेलुगूत पेंटय्या, तोही उकिरड्यातला. तमिळमध्ये कुप्पुस्वामी, कुप्पै म्हणजे कचरा, आणि पिच्चै म्हणजे भिक्षा. गुगलचे सुंदर पिचाई आहेत ना, त्यातला पिचाई हा तोच शब्द, म्हणजे अर्थाने आपला भिकाजी. बंगालीत पाचकडी आणि तिनकडी, पाच कवड्यांना किंवा तीन कवड्यांना घेतलेला. हिंदी पट्ट्यात घसीटा म्हणजे फरफटत ओढलेला, छेदी म्हणजे नाक-कान टोचलेला. तुर्की लोकांत दुरसुन म्हणजे 'राहू दे, थांबू दे' आणि याशार म्हणजे 'जगतो'. युरोपातले ज्यू लोक अशा मुलाला अल्टर म्हणायचे, म्हातारा, म्हणजे मृत्यूच्या दूताने बाळ शोधत यावं आणि म्हातारा बघून परत जावं. ह्या लोकांनी एकमेकांना कधी विचारलेलं नव्हतं. दुखणं सगळीकडे सारखं होतं तर उपायही सारखेच निघाले.

मुलींचं काय? धोंडूबाई, धोंडाबाई, दगडाबाई ही नावं आहेत, जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी तर आपल्याला माहीतच आहेत. म्हणजे मुलगी टिकावी म्हणूनही दगड ठेवला जायचा, हे विसरू नये. पण त्याच्या शेजारीच दुसरी एक नावाची रीत उभी आहे आणि तिच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. नकुशा, नकोशी. वरवर बघितलं तर धोंडू आणि नकुशा एकाच जातीची नावं वाटतात, दोन्हीत मुलाला कमी लेखलंय. पण आतून अगदी उलट आहेत. धोंडूमध्ये 'नको' हे यमाला सांगितलेलं खोटं आहे, आम्हाला नको असं दाखवतो म्हणजे तू नेणार नाहीस. नकुशामध्ये 'नको' हे खरं आहे, ही नको, पुढचा मुलगा दे. एकात प्रेम लपवलंय, दुसऱ्यात न लपवता नकार दिलाय, आणि तो नकार त्या पोरीला शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ऐकावा लागायचा. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचं नव्याने नामकरण केलं होतं. अगदी अलीकडची गोष्ट आहे ही.

मग धोंडू नाव गेलं कुठे? नजरेवरचा विश्वास गेला म्हणून गेलं असं मला वाटत नाही, काजळाची तीट आपण आजही लावतोच, इंजिनीयर डॉक्टर सगळे लावतात. नाव गेलं कारण मुलं जगायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात होती, आणि वर्ष ओलांडलेल्यांतली कितीतरी पुढे देवी, गोवर, हगवण, हिवतापात जायची. २०२० च्या सरकारी आकडेवारीत तोच आकडा देशात हजारी २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. मधल्या काळात लस आली, दवाखान्यात बाळंतपण आलं, क्षारसंजीवनीची पुडी आली, गावात नर्सबाई आली, आशाताई आली. पणजीकडे यातलं काहीच नव्हतं. तिच्याकडे सूप होतं, पसाभर ज्वारी होती आणि एक शब्द होता.

माझ्या एका चुलत भावाने मध्यंतरी गॅझेटमध्ये जाहिरात देऊन वडिलांचं नाव धोंडूचं धनंजय करायचं ठरवलं होतं. नोकरीच्या ठिकाणी ओळखपत्रावरचं मधलं नाव वाचून कुणीतरी हसलं होतं. मी त्याला नाही म्हणालो नाही, ज्याला ऐकावं लागतं त्यालाच ते कळतं. फक्त आमच्या अण्णांची गोष्ट सांगितली, चार आधीच्यांसकट. त्याने फॉर्म भरला की नाही मी विचारलं नाही. पण परवा त्याच्या मेलखाली सही बघितली तर नाव तेच होतं, पूर्ण लिहिलेलं, आद्याक्षर नाही.

अण्णा एक्क्याण्णव वर्षांचे होऊन गेले. गेल्या वर्षी त्यांच्या पणतूचं बारसं झालं. नाव आरव. पाळणा फुलांनी सजवलेला, हॉलमध्ये सगळे मोबाईल वर करून उभे, आणि पाळण्याजवळ आमची ऐंशीच्या पुढची आत्या, अण्णांची मुलगी, मांडीवर वरवंटा घेऊन बसलेली. घरात आता मिक्सर आहे, वरवंटा मुद्दाम गावाहून आणला होता. तिने त्याला तेल लावलं, बाळाचंच जुनं झबलं घातलं, बटण लागेना म्हणून दोऱ्याने बांधलं, आणि पाळण्यात ठेवताना अगदी हळू, शेजारी उभं राहणाऱ्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "नीज रे धोंडिबा, तू नीज आधी." मग तो उचलून बाजूला ठेवला आणि त्या उबेच्या जागी आरवला निजवलं.